दार दिसेल असा ओटा

कडप्प्याची काळी फरशी रिक्षातून उतरवून भिंतीला टेकवली गेली, तेव्हा सुभद्राबाई खंडारे मेथी निवडत बसल्या होत्या. जन्मभर जिच्यासाठी त्यांनी नवऱ्याशी भांडणं काढली, ती वस्तू दारात उभी होती, आणि त्यांचा चेहरा असा झाला की फरशी आणणारा माणूसच घाबरला.

"काकी, कुठंच तुटली नाही. पाहून घ्या," तो म्हणाला.

"तुटली नाही रे बाबू. ठेव तिथंच."

मोतीरामांनी पैसे दिले, चपला काढल्या, कांदे आणल्यासारखं सहज सांगितलं, "उद्या जुबेर मिस्त्री येईन. तुया ओटा बांधून टाकू." आणि खुर्चीत जाऊन बसले.

सुभद्राबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं टिपलं, आणि शेजारच्या बेबीताई कुंपणावरून डोकावल्या तेव्हा कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. समोर मेथी होती. बेबीताईंनी मेथीकडं पाहिलं.

स्वयंपाकाच्या ओट्याला बाईनं रडावं असं काय आहे, हे कळायला या घराची रीत माहीत हवी.

अमरावतीला, वडाळीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, दोन खोल्यांचं घर. बाहेरची खोली, आतली खोली. मोतीराम एसटीत ड्रायव्हर होते. सेमाडोहच्या घाटातून धारणीला गाडी नेणं आणि तिथं मुक्काम करून सकाळी परत आणणं यात त्यांची अर्धी नोकरी गेली. उरलेला सगळा जीव प्रभूच्या येण्यात. येशू पुन्हा येणार आहे हे मंडळीतले, म्हणजे त्यांच्या चर्चमधले, सगळेच मानत, पण बाकीचे ते पाठ केलेल्या कवितेसारखं मानत. मोतीराम येणाऱ्या गाडीसारखं मानत. दानीएलाच्या भाकितातला पुतळा त्यांनी एका जुन्या चादरीवर ऑइलपेंटनं रंगवला होता. सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय आणि लोखंड-मातीची बोटं. एकेक धातू म्हणजे जगातलं एकेक राज्य, आणि बोटं म्हणजे शेवटचा काळ. रविवारच्या शाळेत ती चादर दोरीवर टांगून ते पोरांना सांगत, "हे पाहा, आपण अंगठ्यापाशी आहो. खाली काहीच उरलं नाही."

आणि म्हणून घरात ओटा नव्हता.

पैसा नव्हता असं नाही. मुलगी माया नर्सिंग शिकली ती याच पगारावर. पण सुभद्राबाईंनी ओट्याचा विषय काढला की मोतीराम म्हणत, "आपण पाहुणे आहो इथं. पाहुणा ओटा बांधते काय? आज ना उद्या जाणं आहे." लग्नात आलेली लोखंडी पेटी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात होती, तिच्यावर आधी स्टो आला, मग गॅसची शेगडी आली. समोर बुटका पाट. सुभद्राबाईंनी आयुष्यभराच्या पोळ्या त्या पाटावर बसून लाटल्या.

"त्या पुतळ्याले उभं राहाले जागा दिली तुमी," त्या म्हणत, "मले नाही दिली."

मोतीराम हसत. हसायचे आणि ऐकायचे नाहीत.

रोज पहाटे चहाआधी ते बाहेरचं दार उघडत. दोन्ही फळ्या, अगदी भिंतीला लागेपर्यंत. उंबऱ्यात उभं राहून मोठ्यानं विचारत, "आज येतं काय बापा?" एकदा दूधवाला नेमका फाटकात होता. "आलो ना काका, भांडं आणा," म्हणाला. मंडळीत ही गोष्ट नाताळच्या जेवणात दरवर्षी सांगितली जाई. मग मोतीराम शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून संदेष्ट्यांचा एक भाग वाचत, त्यावर चार शब्द बोलत, प्रार्थना करत. आतल्या कोपऱ्यातून सुभद्राबाई "आमेन" म्हणत. कोपऱ्यातून बाहेरचं दार दिसत नसे, नुसता आवाज येई. एक कान तिकडं आणि दोन्ही डोळे दुधावर. दूध कधी उतू गेलं नाही.

मागच्या नाताळाच्या आधी खुशालराव गेले. खुशालराव म्हणजे मोतीरामांचे मित्र, शाळेत शिपाई होते. संध्याकाळी दोघं वर्तमानपत्र आणि शास्त्र शेजारी ठेवून बसत. कुठं भूकंप झाला, कुठं लढाई लागली, ते सगळं पुतळ्याच्या कोणत्या बोटात बसतं यावर वाद घालत. त्यांना माती दिली त्या दिवशी मोतीराम रडले नाहीत. घरी येऊन अंघोळ केली, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी दार सुभद्राबाईंनी उघडलं, झाडायला.

मग रोजच त्या उघडू लागल्या.

भांडण झालं असतं तर बरं होतं. मोतीराम रविवारी उपासनेला जात, दान टाकत, पाळकांशी हात मिळवत. मंडळीत कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण ज्या माणसाला चहा जिभेला चटका देणारा लागे, तो आता कप समोर ठेवून बसून राही. चहावर साय धरे. कोमट झालेला चहा ते एका दमात पीत, औषधासारखा.

"गरम करून देऊ?" सुभद्राबाई विचारत.

"चालते."

"चालते म्हणजे करू का नको?"

"कसाबी चालते."

हे 'चालते' सुभद्राबाईंच्या पोटात जाऊन बसलं होतं. आणि आता हा कडप्पा. पाहुण्यानं जायचा विचार सोडला होता.

त्यांनी अकोल्याला मायाला फोन लावला. माया तिथं दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरच होती.

"आई, तू रडून राहिली? अगं, ओट्यासाठी तू मला लहानपणी झोपू दिलं नाहीस!"

"तुया बाबांचं मन उठलं, माया."

"गुडघे बघ तुझे. भिंतीला धरून उठतेस. चांगलं बांधून देत आहेत तर घे ना."

"तुले नाही समजत."

"नाही समजत," माया म्हणाली. "काळा कडप्पा आहे ना? त्यावर डाग दिसत नाही. चांगला आहे. ठेवू आता? पेशंट आहे."

दुसऱ्या दिवशी जुबेर मिस्त्री आला. मोतीराम ड्रायव्हर असताना त्याचे वडील त्यांच्या गाडीनं कामावर जात, म्हणून तो त्यांना चाचा म्हणे. थापी, ओळंबा, मोजपट्टी, सगळं घेऊन आला होता. सुभद्राबाई म्हणाल्या, आज नको, पाहुणे येऊन राहिले. पाहुणे आले नाहीत. पुढच्या वेळी म्हणाल्या, मुहूर्त... आणि मग आपण ख्रिस्ती आहोत हे आठवून, "म्हणजे मले बरं नाही वाटत," असं वळवलं. जुबेर हसला.

"काकी, दुनियाकी औरतां ओटेके वास्ते मिस्त्रीके पीछे लगती. तुम पहली देखा जो मिस्त्रीको भगा रही."

"मी कुठं भगावलं? च्या पी अन् जा."

जुबेर चहा पिऊन गेला.

त्या आठवड्यात सुभद्राबाईंनी मोतीरामांचं शास्त्र उचलून आतल्या खोलीत आणलं. विचार साधा होता. गाडी बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरून बोनेट उघडतो, प्रवासी ढकलतात. त्यांनी चष्मा लावला, पाटावर बसल्या आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागल्या. शेवटच्या पुस्तकातलं, सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी शेवटचं पत्र त्यांना ठाऊक होतं. तेच काढलं. तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून टाकून देणार आहे, असा ज्यात दम दिला आहे तो भाग त्यांनी दोनदा वाचला. 'कोमट' वर चांगला जोर दिला.

मग पानावर बोट ठेवून थांबल्या.

"ऐकलं काय?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"मंग?"

"ते मंडळीले लिहेल आहे, एकट्या माणसाले नाही," मोतीराम खुर्चीतून म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "या घरात दोघांचीच मंडळी आहे."

सुभद्राबाई शास्त्र मिटून कणीक मळायला बसल्या. परातीत हात चालत होते आणि डोक्यात ते वाक्य. दोघांचीच मंडळी. लग्न झाल्यापासून प्रभूची वाट पाहण्याचं काम त्यांनी नवऱ्याकडं देऊन टाकलं होतं, जसं बिल भरायचं काम त्याचं, लोणचं घालायचं काम आपलं. तो उंबऱ्यात उभा राही आणि त्या आमेन म्हणत. आमेन कशाला म्हटलं हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांचं दूध कधी उतू गेलं नाही म्हणजे त्यांचं मन कधी हललंच नाही. मोतीराम या वर्षी कोमट झाले होते. आपण कधी तापलो होतो, हेच सुभद्राबाईंना आठवेना.

कणीक फार सैल झाली. त्या दिवशी पोळ्यांऐवजी धिरडी झाली.

नंतर मात्र त्या नवऱ्याला ऐकवण्यासाठी वाचेनात. सकाळी दूध बाजूला उतरवून ठेवत, गॅस बंद करत आणि मग बसत. शास्त्रात मोतीरामांनी खूण म्हणून एसटीचं जुनं तिकीट घातलेलं होतं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात. तिथूनच सुरुवात केली. संदेष्टे म्हणजे अवघड काम. नावंच एकेक अशी की घासात खडा यावा. बाबेलच्या राजाचं नाव आलं की त्या अडखळत.

"नबु... नबुख..."

"नबुखद्नेस्सर," बाहेरून आवाज येई.

"हो. तोच मुडदा."

पुढच्या पानावर पुन्हा तोच. पुन्हा बाहेरून दुरुस्ती. काही दिवसांनी त्यांना ते नाव नीट यायला लागलं, पण त्या अडखळत राहिल्या. बाहेरच्या खुर्चीतून काहीतरी उठून येत होतं, ते त्यांना बंद पाडायचं नव्हतं. मोतीरामांनाही बहुतेक कळलं असावं. एकदा ते म्हणाले, "काल आलं होतं तुले हे नाव."

"काल आलं होतं. आज गेलं. तुमच्यासारखं."

बाहेर खुर्ची करकरली. मोतीराम हसले होते. पुष्कळ दिवसांनी.

आणि मग वाचता वाचता एक पत्र आलं. यरुशलेमहून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं. तिथं काही खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते की आता परत जायचंच आहे, दोन वर्षांचा प्रश्न आहे. सुभद्राबाईंच्या डोळ्यांपुढं ते लोक उभे राहिले. बोचकी न सोडता बसलेले. बायका सामानावरच चूल मांडून राहिलेल्या. पोरं विचारतात आपलं घर कुठं आहे, आणि बाप म्हणतो, हे नाही. अशा लोकांना देव काय लिहितो? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, फळं खा. लेकरांची लग्नं करा. तुम्ही माझे आहात, मी तुम्हाला न्यायला येईन. येणार तर मी आहेच. पण बोचकी सोडा.

त्यांनी वाचणं थांबवलं. समोर लोखंडी पेटी होती, तिच्यावर शेगडी.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा आत या."

मोतीराम आले. दारात उभे राहिले.

"हे वाचलं होतं तुमी?"

त्यांनी वाकून पाहिलं. "वाचलं असंन. लय खेपा."

"मंग ओटा काहून नाही बांधला?"

मोतीराम उत्तर द्यायला खाली बसले. तेही भिंतीला धरूनच. दोघं समोरासमोर जमिनीवर, मधे पेटी.

"तुले काय वाटते, मी कडप्पा काहून आणला?" त्यांनी विचारलं.

"तुमी वाट पाहाणं सोडलं म्हणून."

"थोडं तसंबी आहे," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "खुशालले मी सांगतलं होतं, आपल्या हयातीत येईन. लेकरासारखा इश्वास ठेवला त्यानं. त्याच्या शवपेटीवर माती टाकतानी मले वाटलं, मी ड्रायव्हर, लोकांईले म्हणून राहिलो बसा बसा, गाडी सुटून राहिली. अन् गाडी केव्हा सुटते हे मलेच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दारापाशी गेलो, तर कडीबी काढवेना, तोंडबी उघडेना. मंग काहीच वाटेना. राग नाही, दुःख नाही. सुपारी खाल्ल्यासारखं, जीभ जड."

सुभद्राबाईंनी शास्त्र मिटून मांडीवर घेतलं.

"अन् एक दिवस तुले उठतानी पाहिलं. पेटीले धरलं, मंग भिंतीले धरलं, 'माय व' म्हटलं. तू रोजच म्हणत असशील. मले ऐकूच आलं नव्हतं. मी तिकडं दारात उभा राहून त्याची वाट पाहून राहिलो होतो, अन् इथं घरातलं माणूस..." ते पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "त्याचं तोंड पाहाची लाज वाटते मले. तो आला अन् म्हणाला, मोतीराम, हिचे गुडघे दाखव, तं काय सांगू?"

हे ऐकायला त्या तयार नव्हत्या. जन्मभर टोमणे मारले ते ऐकू जाणार नाहीत या भरवशावर. आता ते सगळे एकदम पोचले होते, आणि परत घेता येत नव्हते.

"गुडघे माह्या आईचेबी असेच होते," त्या म्हणाल्या. "तिले तं ओटा होता."

मोतीरामांनी वर पाहिलं. मग दोघंही हसले, आणि हसता हसता मोतीरामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"तुमी नाही विचारलं तं मी विचारत जाईन," सुभद्राबाई म्हणाल्या. "पण मले ओटाबी पाहिजे. बागा लावा म्हटलं आहे त्यानं, अन् मी न्याले येतोबी म्हटलं आहे. दोन्ही एकाच पत्रात आहे. तुमी इतके वर्षं एकच अर्धं वाचलं. अन् मी तं काहीच नाही वाचलं. मी दूध पाहून राहिली होती."

"उठ," मोतीराम म्हणाले. "जुबेरले फोन लावतो."

कोण कोणाला धरून उठलं हे सांगता आलं नसतं.

जुबेरनं येऊन मागच्या खिडकीखाली खुणा केल्या. उजेड तिथं, मोरी तिथं, पाणी जायची सोय तिथं. सगळ्या घरांत ओटा तिथंच असतो.

"इथं नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "तथी कर. त्या बाजूच्या भिंतीले. मधल्या दाराजवळ."

"काकी! पानी किधर जाएंगा? पूरा पाईप लेना पडेंगा इधरसे उधर. फर्श फोडना पडेंगा."

"फोड."

"अंधेरा रहेंगा. खिडकी पीछे है."

"लाईट लावू."

जुबेरनं मोतीरामांकडं पाहिलं. बायकांच्या हट्टापुढं पुरुषाचा आधार घ्यावा म्हणून. "चाचा, तुम बोलो."

मोतीराम त्या भिंतीपाशी गेले. ओट्यापुढं बाई जिथं उभी राहील तिथं स्वतः उभे राहिले आणि मान डावीकडं वळवली. मधल्या दारातून, बाहेरच्या खोलीतून, सरळ बाहेरचं दार दिसत होतं. दोन्ही फळ्या, उंबरा, फाटक, रस्ता. आजवरच्या कोपऱ्यातून यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांनी जुबेरकडं मान फिरवली.

"ती म्हणते तथीच कर," ते म्हणाले. "पाईप लागंन तितका लागू दे."

"मियाँ-बीवी दोनों एक जैसे," जुबेर म्हणाला आणि खुणा पुसल्या. "काकी, सीधे खडे रहो. कोपर मोडो. अब सांगा, इतका ऊंचा चलेंगा?"

"जरा खाली. पोळी लाटाची आहे, भाषण नाही द्याचं."

फरशी फोडली, घर सिमेंटच्या धुळीनं भरलं, बेबीताईंकडून दोन दिवस डबा आला. पाईप टाकून झाल्यावर कडप्पा बसला. लोखंडी पेटी रिकामी झाली. पुतळ्याची चादर घडी करून तिच्यात ठेवावी असं मोतीराम म्हणाले. सुभद्राबाई म्हणाल्या, "नाही. पेटी माळ्यावर जाईन, ती चादर नाही. रविवारी पोट्ट्यांईले दाखवा. फक्त अंगठ्यापाशी आहो असं नका सांगू. पायापाशी आहो म्हणा. तेवढं पुरे आहे."

पहिल्या सकाळी सुभद्राबाई ओट्यासमोर उभ्या राहिल्या. उभं राहून स्वयंपाक करायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावेत कळेना. दूध शेगडीवर ठेवलं. शास्त्र ओट्याच्या कोरड्या कडेला. मोतीराम खुर्चीत बसले होते, शाल घेऊन. दार बंद होतं. सुभद्राबाईंनी ठरवलं होतं की आपण जाऊन उघडायचं आणि विचारायचं. सोपं नव्हतं. परक्याला हाक मारावी तसं वाटत होतं. एवढी वर्षं देव त्यांचाही बाप होता, पण बोलणं सगळं नवऱ्यामार्फत झालं होतं.

त्या पदर सावरून निघणार, एवढ्यात खुर्ची करकरली.

मोतीराम उठले. कडी काढली. एक फळी, मग दुसरी, भिंतीला लागेपर्यंत. बाहेर उजाडत होतं, फाटकाशी बेबीताईंची मांजर बसली होती. ते उंबऱ्यात उभे राहिले. शाल सावरली. सुभद्राबाईंना त्यांची पाठ दिसत होती, शालीखालचे खांदे दिसत होते. हे सगळं त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं. माणूस वाट पाहताना मागून एवढा लहान दिसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मोतीरामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"आज," ते म्हणाले, आणि आवाज फुटेना.

"आज येतं काय बापा?" सुभद्राबाई ओट्यापासून म्हणाल्या. हळूच, पण ऐकू जाईल असं. "आमी दोघंबी आहो."

मोतीराम वळले नाहीत. मान मात्र हलली. मग त्यांनी स्वतः विचारलं, जुन्या आवाजाच्या निम्म्या आवाजात. रस्त्यावर कोणी नव्हतं. मांजरीनं एकदा पाहिलं. दोघं तशीच उभी राहिली, एक उंबऱ्यात, एक ओट्याशी, आणि दोघांची नजर त्याच मोकळ्या फाटकाकडं.

मागं फसफस आवाज झाला. नव्याकोऱ्या काळ्या कडप्प्यावरून पांढरं दूध पसरत खाली ओघळलं.

"मायाची माय," मोतीराम दारातूनच म्हणाले, "दूध गेलं."

"जाऊ द्या," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि नजर न काढता हात मागं नेऊन गॅस बंद केला.